बंद पडलेलं बाईकचं इंजिन: आधी निदान, मगच पाना

कसारा घाट चढताना गाडीने दम सोडला, थोडी खडखड झाली आणि नंतर कितीही किका मारल्या तरी इंजिन उठलं नाही. टेम्पोत टाकून गाडी घरी आली. आता शेजारचे काका म्हणतात "बोअर गेलं" (म्हणजे सिलिंडर आतून झिजला), मित्र म्हणतो "व्हॉल्व वाकला", आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक गाडीला हात न लावताच सांगतो, "हाफ इंजिन करावं लागेल, भाऊ."

तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. पण हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व एवढं सगळं उघडणं, आणि फुल इंजिन म्हणजे त्यावर क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगा आणि गिअरसुद्धा. प्लग, टॅपेट (व्हॉल्वच्या माथ्यावरची फट) किंवा कार्ब्युरेटरच्या दुखण्यासाठी ब्लॉक उतरवलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. म्हणून या लेखाचा निम्मा भाग इंजिन न उघडता करायच्या तपासणीचा आहे. ती पुरी झाल्याशिवाय हेडच्या नटाला पाना लावू नका.

इथे डोळ्यांसमोर स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन अशा जातीची एक सिलिंडरची, कार्ब्युरेटरची, हवेवर थंड होणारी फोर-स्ट्रोक गाडी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलची बाजू वेगळी असते, बाकी तपासणी बरीचशी हीच.

किक काय सांगते

इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. किक हाताने दाबून बघा, पायाने नको. तीनपैकी एक गोष्ट होईल.

किक नेहमीसारखी अडखळत, दाब देत खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बऱ्यापैकी शाबूत आहे. दुखणं बहुधा करंटचं किंवा पेट्रोलचं, आणि ते इंजिनाच्या बाहेरच आहे.

किक सायकलच्या पेडलसारखी मोकळी फिरली तर कॉम्प्रेशन उडालंय, व्हॉल्व चालवणारी टायमिंग चेन तुटलीय, किंवा नुसती किकची गरारी घसरतेय. हे ओळखायला प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. प्लगच्या भोकावर धरलेल्या बोटाला फुंकर लागली तर पिस्टन हलतोय. टॅपेटची झाकणं उघडून रॉकर (व्हॉल्व दाबणारे दांडे) वर-खाली होतात का तेही बघा. पिस्टन हलतोय आणि रॉकर मेलेले, म्हणजे चेन गेली.

किक जागची हललीच नाही तर लगेच "इंजिन जाम" म्हणून मोकळे होऊ नका आणि तिच्यावर उभंही राहू नका. आधी प्लग काढा. कार्ब्युरेटरची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळकी असेल तर रातोरात सिलिंडर पेट्रोलने भरतो, आणि पेट्रोल काही दाबलं जात नाही. प्लग काढल्यावर किक सुटली आणि भोकातून पिचकारी उडाली तर पिस्टन पकडलेला नाही, निडल बदलायची आहे. पेट्रोल ऑइलमध्येही उतरलेलं असतं, म्हणून ऑइलही बदलायचं. पुरात बुडालेल्या गाडीचं असंच. नाशिकमध्ये २०१६ आणि २०१९ च्या गोदावरीच्या पुरानंतर पाण्यातून काढलेल्या गाड्यांना आधी किक मारणं हाच मोठा घात होता. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर रिकामा करायचा, ऑइल ओतून द्यायचं, आणि मगच क्रँक फिरवायचा.

प्लग काढूनही किक हलत नसेल तर प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी टॉप गिअरमध्ये मागचं चाक पुढे-मागे हलवून बघा. धक्के हलके द्यायचे. सुटला तरी ती गाडी चालवायची नाही. पकडलेल्या पिस्टनने बोअरवर काय लिहून ठेवलंय ते बघायला ती उघडावीच लागते.

ऑइल ताटलीत ओता

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच टाळतात. ड्रेन बोल्ट काढा, ऑइल पांढऱ्या थाळीत किंवा कापलेल्या कॅनमध्ये घ्या आणि उन्हात तिरपं धरा. निव्वळ काळं असेल तर जुनं आहे, एवढंच. पण थाळी हलवल्यावर चंदेरी चमक तरंगताना दिसली तर एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यातून फिरवा. पिशवीला चिकटला तो लोखंडाचा चुरा: रिंगा, ब्लॉकची लायनर (आतली लोखंडी नळी), कॅम, गिअर, बेअरिंग यांपैकी काहीतरी. न चिकटता थाळीत राहिलेली चमक बहुतेक अल्युमिनियमची, म्हणजे संशय पहिला पिस्टनवर. पिवळसर-तांबूस कण दिसले तर कुठला तरी बुश झिजतोय. ड्रेन बोल्टच्या टोकाला थोडा चिकट गाळ असतो, तो चालतो. बोटांत रवाळ लागला तर नाही.

ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येतो का तेही बघा. आणि पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली की घाबरायचं नाही. सिडकोतून सातपूरला रोजची छोटी फेरी असली की इंजिन पुरतं तापत नाही आणि आतला दमटपणा तिथे जमतो. खालून निघालेलं सगळंच ऑइल चहाच्या रंगाचं असेल तर मात्र पाणी शिरलंय.

हे ऑइल नाल्यात ओतू नका. नासर्डीत गेलं की ते गोदावरीत गेलंच. कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल विकणाऱ्या गॅरेजला द्या.

करंट, पेट्रोल, टॅपेट

प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळसर, कडक ठिणगी हवी. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारायची नाही, सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतो. ठिणगी पिवळी आणि अशक्त असेल तर नवा प्लग लावून बघा. त्याच वेळी जुन्या प्लगचा रंगही बघा: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, आणि पांढराफटक, टोकं वितळल्यासारखा म्हणजे इंजिन फार तापलंय. शेवटच्या प्रकारात पिस्टनची काळजी सुरू करा.

पेट्रोलसाठी कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा. धार आली तर टाकी ते वाटी रस्ता मोकळा.

टॅपेटला जरा वेळ द्या, कारण वाया जाणारे पैसे वाचवणारी जागा हीच आहे. व्हॉल्व आणि रॉकर यांच्यात बारीकशी फट असावी लागते. स्प्लेंडरला दोन्ही व्हॉल्वना ०.०८ मिमी. वापरात व्हॉल्व हळूहळू आपल्या सीटमध्ये रुततो, फट संपते आणि व्हॉल्व पूर्ण मिटेनासा होतो. मग कॉम्प्रेशन जातं, गाडी चढाला मरते, आणि "बोअर गेलं" असा शिक्का बसतो. डाव्या कव्हरवरची दोन झाकणं काढा, क्रँकचा नट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा आणि खिडकीत मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) 'टी' खूण आणा. दोन्ही रॉकर हाताला ढिले लागायला हवेत. न लागले तर अजून एक पूर्ण फेरा. मग फीलर गेजची, म्हणजे ठरलेल्या जाडीची, पाती घाला, ती हलक्या ओढीने सरकायला हवी. इंजिन थंड म्हणजे ३५ अंशांच्या खाली असताना हे करायचं असतं. मे महिन्यात नाशिकमध्ये दुपारी नुसती उभी गाडीसुद्धा त्याहून गरम असते, म्हणून सकाळी लवकर बसा.

कॉम्प्रेशन मोजणं

टॅपेट बरोबर झाल्यावरच गेज लावायचं. आधी लावलं तर आकडा दिशाभूल करतो. प्लगच्या जागी गेज, प्लग हेडला टेकवलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, आणि काटा थांबेपर्यंत किका. या वर्गातल्या निरोगी इंजिनात साधारण १४० ते १७० पीएसआय दिसतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा तेवढी विरळ, त्यामुळे इथे आकडा सहा-सात टक्के कमीच येतो. १५० ऐवजी १४० दिसलं म्हणून हबकू नका. १०० च्या खाली असेल तर काहीतरी नक्की आहे.

कमी आलं तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, दोन-तीनदा हळू किक फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर. ऑइलने त्या फटी तात्पुरत्या बुजवल्या म्हणून चढला. जराही चढला नाही तर व्हॉल्व किंवा हेडचं पॅकिंग.

अजून खात्री हवी असेल तर जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्याच्या रिकाम्या बुडाला हवेची नळी बसवून घ्या. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व मिटलेले, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि पंपाची थोडीशी हवा आत सोडा. क्रँक झटक्यात फिरू शकतो, तेव्हा हात आणि पाना बाजूला. आता कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा.

एवढ्यावर उघडायचं ठरलं, तर पुढे वाचा. कॉम्प्रेशन उत्तम, ऑइल स्वच्छ, आणि तरी खालून जड ठकठक येत असेल तर ते काम क्रँकचं आहे. त्यात क्रँककेस फोडावा लागतो, मॅग्नेट आणि क्लचचे पुलर लागतात आणि कनेक्टिंग रॉड बसवायला प्रेस लागते. पहिल्याच वेळी घरी त्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

उघडण्याची तयारी

जागा हवेशीर हवी. गॅस गिझर असलेल्या बाल्कनीत किंवा देवघराच्या दिव्याशेजारी पेट्रोलने पार्ट धुवायचे नाहीत. धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरा. हत्यारांत ८ ते १७ चे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), ॲलन की, नोज प्लायर, रबरी हातोडी आणि स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर. कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सोडायला गेलात की त्यांची डोकी गोल होणार, हे ठरलेलं. टॉर्क रेंच उघडताना लागत नाही, बसवताना लागतो.

द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घ्या. त्यावर कव्हरचा आकार पेनाने काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. एकाच कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर अल्युमिनियमचे आटे जातात, नाहीतर केसला तडा. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, वायर आणि नळ्यांचे जास्तच. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही निघालं की आधी बघायचं, फोटो काढायचा, मग धुवायचं. लखलखीत धुतलेल्या पिस्टनवरून काय घडलं ते कळत नाही.

हेड आणि ब्लॉक उतरवणं

इंजिनचा बाहेरचा चिखल आधीच धुऊन वाळवा, नाहीतर तोच आत पडतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सर या क्रमाने काढा. सायलेन्सरचे नट गंजलेले असतात, त्यांच्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्टड तुटला की एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं. बऱ्याच छोट्या गाड्यांत हेड-ब्लॉक इंजिन चेसिसवर असतानाच निघतात, पण पहिल्यांदा करताना इंजिन खाली उतरवून स्टुलावर घेतलं तर कंबर आणि डोकं दोन्ही शांत राहतात.

पुन्हा 'टी' खूण जुळवा, दोन्ही रॉकर ढिले. हेडच्या बाजूचं झाकण काढल्यावर टायमिंग गरारीवरची खूण हेडवरच्या खुणेशी जुळलेली दिसते. फोटो काढा. ती जुळलेली नसेल तर चेन दात सोडून गेलीय, आणि दुखणं तिथेच सापडलं. चेन ताणणारा टेन्शनर ढिला करा, गरारीचे बोल्ट काढा आणि चेनला लगेच तार बांधून ती बाहेर अडकवून ठेवा.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, पाव-पाव फेरा करत सोडा. एकच नट एकदम मोकळा केला तर हेड वाकतं. वायसरकडे लक्ष द्या. चारपैकी एखादा तांब्याचा असतो, कारण त्या स्टडच्या कडेने ऑइल वर चढतं. तो चुकीच्या जागी गेला की बसवल्यावर तिथून गळती. हेड चिकटलेलं असलं तरी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, सुटतं. डॉवेल पिना (हेड-ब्लॉक जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) कुठे राहिल्या ते मोजा.

ब्लॉक सरळ वर ओढा. तो अर्धा वर आला की खालच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, कारण तुटलेल्या रिंगेचा तुकडा नेमका त्याच क्षणी आत पडतो. पिस्टन सुटताना हाताने सावरा, कनेक्टिंग रॉडवर आपटू देऊ नका. पिस्टनवरची 'इन' ही अक्षरं किंवा बाणाची दिशा टिपून ठेवा. मग गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) एक लॉक नोज प्लायरने काढा. काढलेली लॉक पुन्हा वापरायची नाही. पिन दुसऱ्या बाजूने बोटाने ढकला. घट्ट असेल तर पिस्टनभोवती गरम पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळा. हातोडीने ठोकलीत तर रॉड वाकेल.

निघालेल्या पार्टवरून कारण शोधणं

पिस्टनपासून सुरुवात करा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि अल्युमिनियम फासटल्यासारखं दिसतंय तर पिस्टन उष्णतेने फुगून पकडला गेला. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर ऑइल पोहोचलंच नाही. रिंगांच्या खाली तपकिरी-काळे ओघळ म्हणजे जळालेला गॅस रिंगा ओलांडून खाली जात होता. डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठोके असतील तर व्हॉल्व पिस्टनवर आपटलाय, व्हॉल्व तपासायलाच हवा. रिंगा खाचेत कार्बनने चिकटल्या आहेत का, नखाने दाबून बघा.

आता ब्लॉक उजेडाकडे धरा. आतून नख वर सरकवत न्या. वरच्या टोकाशी, जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे नख अडकेल अशी कड लागली तर बोअर झिजलंय. ओरखडे खोल नसून सगळीकडे मंद, करडी झीज असेल तर धूळ आत गेली. दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूला मळ्यांतून रोज फिरणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं, आणि कारण जवळजवळ नेहमी फाटका, नीट न बसलेला किंवा कधीच न बदललेला एअर फिल्टर असतो. फिल्टरच्या डब्यापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर गुन्हेगार सापडला.

रिंग काढून एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजा. या आकाराच्या इंजिनात ०.५ मिमीच्या पुढे गेली तर रिंग बाद. नवी रिंग घालूनही फट मोठीच राहिली तर बोअर बाद. बोअर नीट मोजायला बोअर गेज लागतं: वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी. सातपूर किंवा अंबडला कंपनीत क्यूसीत (मालाच्या तपासणी विभागात) असलेला एखादा ओळखीचा माणूस बहुतेक नाशिककरांकडे असतो. त्याला रविवारी चहाला बोलवा.

हेड उलटं ठेवा, प्लग घट्ट लावा आणि ज्वलनाच्या खोलगट वाटीत रॉकेल भरा. आता इनलेट आणि एक्झॉस्टच्या तोंडात टॉर्च मारून बघत बसा. व्हॉल्व नीट मिटत असेल तर दहा मिनिटांनीही तोंड कोरडं. गळका असेल तर व्हॉल्वच्या कडेला आधी ओलसर रेघ उमटते, मग थेंब. थोडी गळती ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व घासून जाते. कड जळून खाच पडलेला व्हॉल्व घासू नका, बदला.

शेवटी कनेक्टिंग रॉड. दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. तिथे जराही खेळ लागता कामा नये. डावी-उजवीकडे थोडी हालचाल असतेच, ती दोष नाही. वर-खाली टकटक लागली तर नव्या पिस्टनवर खर्च करण्याआधी थांबा, काम फुल इंजिनचं आहे.

ऑइल न पोहोचल्याच्या खुणा असतील तर उजवं क्लच कव्हरही उघडा. स्प्लेंडरमध्ये खाली ऑइलची जाळी असते आणि क्लचच्या बाजूला गरगर फिरून गाळ अडवणारा फिल्टर. दोन्ही साफ करा, ऑइल पंप फिरवून बघा, हेडकडे जाणाऱ्या वाटेत हवा मारा. चोंदलेल्या वाटेवर बसवलेलं नवं ब्लॉक-पिस्टनचं किट जुन्याच्याच वाटेने जातं.

लेथवर जाताना

द्वारका, सारडा सर्कल बाजूच्या दुकानांतून पार्ट घेताना जुना पार्ट सोबत न्या. बोअर मारायचं असेल तर क्रम उलटा करू नका: आधी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठा, पिस्टन विकत घ्यायचा, मग ब्लॉक आणि तो पिस्टन दोन्ही लेथवाल्याच्या हातात द्यायचे. ओव्हरसाइज ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांनी मिळतात. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत ठेवायची असते, त्यामुळे "पन्नासचं बोअर मारा" एवढ्यावर भागत नाही. केटीएम किंवा आर-१५ सारख्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर नसते, तो ब्लॉक बोअर होत नाही, बदलावाच लागतो. ते न सांगता कुणी मशीनवर चढवायला निघालं तर ब्लॉक परत घ्या.

ब्लॉक ताब्यात घेताना आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात का बघा. होनिंग झालंय याची ती खूण, आणि नव्या रिंगा बसायला ती लागते. तिथेच नवी रिंग घालून फट मोजा. घरी आल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं आतून फिरवून ते काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग लगेच पुसून ऑइलचा हात फिरवा, कारण धुतलेली लायनर बघता बघता गंज धरते.